बुढ्याले लाज वाटते

माधवकाका ट्रॅक्टर चालू करायच्या आधी जमलेल्या सगळ्यांना पाठ फिरवायला लावत. “तिकडं तोंड करा सगळे. बुढ्याले लाज वाटते,” असं ते म्हणत आणि लोक खरोखर फिरत. शाळेतल्या पोरांनासुद्धा मी इतक्या लवकर कधी फिरवू शकले नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच वेळी. रोहणा गावच्या शाळेत माझी नवीन नेमणूक झाली होती आणि राहायला खोली शोधत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी त्यांच्या अंगणात शिरले. बघते तर तीन मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभी. माझ्या मनात आलं, या घरात शिक्षा फार कडक दिसते. तेवढ्यात टिनाच्या शेडमधून आधी खरखर ऐकू आली, मग दणका, मग काळ्या धुराचा लोट, आणि त्या धुरातून एक काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खोकत बाहेर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “खोली पायजे का? हाय. पन आवाजाची तक्रार चालनार नाई. बुढा इथं पयलेपासून राह्यते, तुम्ही मांगून आल्या.”

बुढा म्हणजे त्यांचा जुना डिझेल ट्रॅक्टर. कधीकाळी तो लाल होता असं काका सांगत आणि आम्ही मोठ्यांचा मान राखून ते खरं मानत असू. काका आणि बुढा साधारण एकाच वयाचे दिसत. दोघांनाही सकाळी उठायला वेळ लागे, दोघंही उठताना भरपूर आवाज करत, आणि कोणी ते बोलून दाखवलं तर एकट्या काकांना राग येई, पण तो दोघांच्या वाटचा येई.

ट्रॅक्टर चालू झाला नाही की दुसरा माणूस सेल्फ मारत सुटतो, बॅटरी उतरवून बसतो आणि मग शिव्या द्यायला लागतो. काका आधी चहा मागवत. कपातून थोडा बशीत ओतून, फुंकर मारत, ट्रॅक्टरकडे बघत पीत. कोणी घाई केली की उत्तर ठरलेलं: “घाई असन त पायी जा. देवानं पाय देल्ले हायेत.” चहा संपला की एकदाच सेल्फ मारायचा आणि सगळं लक्ष सायलेन्सरच्या तोंडाकडे ठेवायचं. “धूर काय म्हन्ते?” हा त्यांचा पहिला प्रश्न. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. टाकी पाहा, फिल्टर पाहा, नळीत हवा धरली असेल तर ती काढा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. हवा काढायची वेळ आली की ते मला हाक मारत, कारण शेडमध्ये भरदिवसा अंधार आणि टॉर्च फक्त माझ्याकडे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून ते बाजूचा छोटा हातपंप दाबत राहत. आधी फेस येई, मग बुडबुडे, आणि शेवटी स्वच्छ डिझेल वाहायला लागलं की स्क्रू आवळत म्हणत, “झालं बुढ्याचं पोट साफ.”

हळूहळू माझ्या लक्षात आलं की ही धुराची विद्या ते फक्त ट्रॅक्टरला लावत नव्हते. आमच्या हेडमास्तरांशी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा सर कशावरून तरी खूप संतापलेले होते. काका घरी येऊन म्हणाले, “काळा धूर. त्या मानसाले जरा हवा पायजे.” त्यांचा मुलगा संजय पुण्याला नोकरीला. तो फोनवर गावी यायचे लांबलचक बेत सांगे आणि येत काही नसे. फोन ठेवला की काका म्हणत, “पांढरा धूर. डिझेल पोचून राह्यलं, पन पेटत नाई.” आणि नवीन नवीन असताना एकदा घरच्या आठवणीनं मी दिवसभर खोलीबाहेर आलेच नाही, तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, “मास्तरीन, आज धूरच नाई दिसत. पोटात डिझेल गेलं नाई वाट्टे.” मागोमाग सिंधूकाकू भाकर आणि वांग्याच्या भाजीचं ताट घेऊन आल्या. मला रडू आलं होतं, ते त्या ताटामुळे थांबलं की वाढलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा टॉर्च धरून माझा हात अवघडला आणि मी ठरल्या वेळेच्या आधीच वळून पाहिलं. काका सीटवर बसून, समोरच्या पट्टीवरची एक काळी खुट्टी अंगठ्यानं दाबून आत ढकलत होते, आणि ढकलता ढकलता तिला किंचित डावीकडे पिळत होते. मग त्यांनी सेल्फ मारला आणि बुढा धडधडला.

ही खुट्टी म्हणजे काही गूढ प्रकार नव्हे. डिझेल ट्रॅक्टर किल्लीनं बंद होत नाही. खुट्टी बाहेर ओढली की इंजिनाचं डिझेल तुटतं आणि ते बंद पडतं. पुन्हा चालू करायचं तर ती पूर्ण आत गेलेली हवी. बुढ्याची खुट्टी आपली आपण आत जात नसे, अर्धी बाहेर राही. मग सेल्फ कितीही मारा, धूर निघणार नाही. एवढंच.

“पायलं का?” काकांनी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

“पाहिलं.”

“मंग आता पोटातच ठेव.”

मी पोटात ठेवलं, पण आधी सिंधूकाकूंना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि त्यांनी मला पोळ्याची गोष्ट सांगितली. त्यांचा शेवटचा बैल म्हातारपणानं गेला, त्या वर्षी काकांनी ठरवलं की पोळ्याच्या तोरणाखाली बुढ्याला उभं करायचं. बॉनेटवर बैलाची झूल घातली, दिव्यांना बेगड चिकटवली. राहिली बैलाची पितळी घुंगरमाळ. ती घालायला ट्रॅक्टरला मान कुठली? काकांनी माळेचं एक टोक स्टिअरिंगला बांधलं, दुसरं समोरच्या खुट्टीला, आणि माळ लोंबू नये म्हणून गाठ चांगली ओढून बसवली. खुट्टी अर्थातच बाहेर आली. सजवण्याच्या नादात ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

“मंग काय विचारतं बाई,” काकू सांगत होत्या. “सेल्फ मारते त धूर नाई. यायनं फिल्टर खोललं. डिझेल बदलवलं. बॅटरीवर गरम पानी टाकलं. अर्धं गाव हवा काढून राह्यलं. तिकडं झडत्यायची गानी म्हनून झाली, तोरन तुटलं, लोकायचे बैल घरोघरी पूजेले गेले, आन हे आपले पान्हा घेऊन बुढ्याच्या पोटाखाली. मी आरतीचं ताट घेऊन आली. म्हटलं, माळ अशी कोनी तानून बांधते का? सोडली, दिव्याले घातली, कुंकू लावलं. म्हटलं, आता मारून पाहा.”

माळ सुटल्यावर खुट्टी आत गेली होती, आणि बुढा पहिल्या झटक्यात चालू झाला. सगळे अवाक. काकांनी खुट्टीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पापणी न हलवता गावाला सांगितलं, “पाह्यलं? पूजेबिना उठत नसते थो.”

त्या दिवशी ताणलेली खुट्टीमागची तार सैल पडली ती पडलीच, आणि खुट्टी पुन्हा आपोआप पुरती आत जाईना. ती बदलायला एक सकाळ पुरली असती. पण बदलायची म्हणजे मेकॅनिकला कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे पोळ्याचा दिवस कबूल करायचा. त्यापेक्षा काकांनी सगळ्या गावाला वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करायला लावलं. मी त्यांना एकदा म्हटलं, “काका, एवढ्या कष्टात तर नवीन इंजिन बसलं असतं.” ते म्हणाले, “तुले माह्या डोक्यातून काळा धूर काहाडाचा हाय का, मास्तरीन?”

पुढे सिंधूकाकू गेल्या. नंतरच्या हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखलं, सावंगीच्या दवाखान्यात त्यांना काही दिवस ठेवलं, आणि जड काम बंद असा हुकूम घेऊन ते परत आले. शेत मक्त्यानं, ठरावीक भाड्यानं कसायला दिलं. मक्त्यानं घेणाऱ्याकडे स्वतःचा नवा ट्रॅक्टर होता. संजय पुण्याहून आला आणि त्यानं बुढा विकायचं काढलं. त्याचंही चुकत नव्हतं. बाप एकटा, त्यात हे लोखंडी धूड. कधी चालू करायला जातील आणि कोसळतील याची त्याला धास्ती होती. काकांनी त्याच्यासमोर मान डोलावली. संध्याकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “शेत दुसऱ्याच्या हातात गेलं. सिंधू गेली. आता माह्यावाचून अडते थे या एका बुढ्याचं. थो बी गेला त मले सकाळी उठाचं काय काम, सांग बरं.”

ट्रॅक्टर पाहायला दिनेश आला. पुलगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला, भाजीपाला पिकवणारा, तिशीचा हसतमुख माणूस. त्यानं सेल्फ मारला. धूर नाही. काका खाटेवर बसून छताकडे बघत होते. “आता नाई होत थो चालू,” ते म्हणाले. “वय झालं त्याचं.” इतका निष्पाप चेहरा मी शाळेत रोज पाहते, आणि त्याचा अर्थ मला कळतो. मी पट्टीकडे नजर टाकली. खुट्टी चांगली बोटभर बाहेर होती.

दिनेश बिचारा शहाणा होता. त्यानं टाकी पाहिली, फिल्टरातलं पाणी काढलं, स्क्रू सैल करून पद्धतशीर हवा काढली, बॅटरीची टोकं घासली. संजय घाम पुसत त्याच्यामागे. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा धूर नाही. काकांच्या मिशीखाली मला जरासं हसू दिसलं. डाव जिंकत आला होता. शेवटी दिनेश हात पुसत उठला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “काकाजी, इंजिन बसलं वाट्टे. पन नेतो मी. सुटे पार्ट कामी येतीन, राह्यलेलं भंगारात जाईन.”

काकांचं हसू गेलं. ते उठून उभे राहिले.

“भंगार? कोन भंगार?”

“तसं नाई जी, पन चालूच होत नाई त…”

“तिकडं तोंड करा सगळे!” काका गरजले. आम्ही तिघं भिंतीकडे वळलो. मागे खरखर, दणका, आणि बुढा असा काही धडधडला की शेडचे टिन वाजायला लागले. मी वळले तेव्हा काका सीटवर ताठ बसले होते, आणि दिनेश प्रेमात पडल्यासारखा ट्रॅक्टरकडे बघत होता. भंगार म्हणवून घेण्यापेक्षा काकांनी बुढा गमावणं पत्करलं. व्यवहार त्याच दिवशी ठरला.

न्यायला आलेल्या दिनेशला काकांनी दुपारपर्यंत धडे दिले. फिल्टर केव्हा धुवायचा, थंडीत काय करायचं, चहा आधी का प्यायचा, धूर काय म्हणतो. दिनेश शिस्तीत “हो काकाजी” म्हणत होता. खुट्टीबद्दल काका एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी चालू करतानाही त्याला पाठ फिरवायला लावलीच. बुढा रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मी हळूच म्हटलं, “खुट्टीचं राहिलं सांगायचं.”

“राह्यलं असन,” काका म्हणाले. “वय झालं माह्यं.”

काही दिवसांनी फोन आला. “काकाजी, बुढा रुसला. धूरच नाई काहाडत.” काकांनी फोन ठेवला आणि मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते असे ते लगबगीनं उठले. धुतलेला शर्ट, टोपी, पान्ह्याची पिशवी, आणि पुलगावची एसटी. संध्याकाळी परत आले ते गुणगुणत. तेव्हापासून महिन्या-महिन्याला बुढा रुसू लागला. काकांनी गोळ्या वेळेवर घ्यायला सुरुवात केली. उद्या फोन आला तर अंगात ताकद हवी. संजय मला फोनवर विचारी, “बाबा बरे दिसतात, काय औषध बदललं?” मी म्हणे, हवापालट.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. दिनेशच्या आईनं पोहे केले होते, शेजारपाजारची माणसं जमली होती. काकांनी चहा घेतला, दिनेशला फिल्टरवरून सगळ्यांसमोर झापलं, गरज नसताना हवा काढली, आणि मग हुकूम सोडला. सगळ्यांत आधी पाठ फिरवली ती दिनेशनं. बुढा चालू झाला तेव्हा सर्वांत मोठ्यानं “वा काकाजी” म्हणालाही तोच. परतीच्या बसमध्ये काकांनी पान्ह्याची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “मास्तरीन, आपली खुट्टी आपोआप सरकते त अर्धीच बाहेर राह्यते ना? या पोराची दर खेपेले पुरी बाहेर असते.”

“तार आणखी सैल झाली असेल.”

“असन,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. “पोरगं चांगलं हाय.”

यंदा उन्हाळा तापायला लागला तसे ते पुन्हा सावंगीला भरती झाले. मी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला. त्यांना हसवावं म्हणून मी विचारलं, “काय काका, धूर काय म्हणतो?”

“धूरच नाई, मास्तरीन. डिझेल पोचून नाई राह्यलं.” थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरला. “दिनेशले एक निरोप देजो. म्हना, आता खुट्टी ओढत नोको जाऊ. तार जुनी हाय, तुटन एखांद्या दिवशी.”

मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलताहेत. “काका, त्याला खुट्टी माहीत कुठे आहे? तुम्ही सांगितलीच नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मिशीखाली तेच ते हसू. “तू सांगून त पाह्यजो.”

ते परत आले नाहीत.

तेरवीला दिनेश बुढ्याला घेऊनच आला. मागे ट्रॉलीत जेवणावळीसाठी स्वतःच्या शेतातली वांगी आणि कोहळे. वांग्यांचं टोपलं उतरवून घेताना मी त्याला बाजूला घेतलं आणि निरोप सांगितला, ऐकला तसा. त्यानं टोपलं खाली ठेवलं.

“काकाजी असं म्हनले?”

“हेच म्हणाले. मला तर काही कळलं नाही.”

तो ट्रॉलीच्या फळीला टेकला. “मॅडम, खुट्टीचं मले पयल्याच खेपेले समजलं होतं. आमच्या इथं पाठ फिरवली का समोर खिडकीची काच येते. तिच्यात सगळं दिसलं.” त्यानं फळीवरून हात फिरवला. “त्या दिवशी त्यायले बसमंदी बसवून देल्लं त म्हनले, ‘बरं केलं बलावलं. लय दिसानं माह्यावाचून कोनाचं अडलं.’ आता सांगा, मंग म्या कसं म्हनाव का मले समजलं म्हनून? महिना झाला का मीच खुट्टी ओढो आन फोन लावो. मले वाटे, मी त्यायले फसवून राह्यलो.”

“आणि त्यांना ठाऊक होतं.”

“हो ना,” तो म्हणाला. हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. मलाही आवरेना. दोघं आपापल्या जागी सगळं जाणून होते; एक बोलवत राहिला, दुसरा धुतलेला शर्ट घालून जात राहिला. माझ्या आयुष्यात मी इतक्या प्रेमानं सांभाळलेलं दुसरं खोटं पाहिलेलं नाही.

जेवणं उरकल्यावर दिनेश निघाला. बुढा शेडसमोर, त्याच्या जुन्या जागी उभा होता. दिनेश सीटवर चढला आणि आम्ही सगळे निरोप द्यायला अंगणात जमलो. त्यानं हुकूम सोडला नाही. आधी संजय वळला, मग शेजारचे दोघं, मग मी. भिंतीकडे तोंड करून आम्ही ओळीनं उभे राहिलो. मागे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग खरखर झाली, दणका झाला, आणि धुराचा वास आमच्या डोक्यावरून गेला.

बुढा फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी वळून पाहिलं नाही.